रजा एका दिवसाची, जोखीम पंधरवड्याची

लिव्हरची बायोप्सी ठरली की नोकरदाराच्या मनात पहिला प्रश्न येतो तो रजेचा. डॉक्टर सांगतात, सकाळी उपाशीपोटी या, संध्याकाळी घरी जाल. मग माणूस हिशेब मांडतो: एक दिवस तपासणीचा, फार तर एक विश्रांतीचा, की लगेच कामावर. बहुतेकांचा हा हिशेब जुळतो, हे आधीच सांगते, उगाच कोणी घाबरायला नको. पण ज्यांचा जुळत नाही, त्यांना आपल्या कामाच्या ठिकाणी कुठेच जागा नाही. असा माणूस धड आजारी नसतो आणि धड बराही झालेला नसतो. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे.

तपासणी दिसायला छोटी आहे, हे खरं. सोनोग्राफीत बघत उजव्या बरगड्यांच्या मधून सुई आत जाते आणि यकृताचा दोऱ्यासारखा बारीक तुकडा घेऊन बाहेर येते. तो तुकडा सगळ्या यकृताच्या साधारण 50 हजारावा भाग असतो. जर्मनीत पॉल एर्लिख यांनी 1883 साली यकृतात पहिल्यांदा अशी सुई घातली. 1958 साली इटलीच्या मेंघिनी यांनी सुई यकृतात सेकंदभरच राहील अशी पद्धत आणली आणि बायोप्सी जगभर रुळली. पण ज्या अवयवात ती सुई जाते त्यातून मिनिटाला जवळजवळ दीड लिटर रक्त वाहत असतं. म्हणून बायोप्सीनंतर रुग्णाला उजव्या कुशीवर झोपवून ठेवतात, पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब बघतात, आणि काही तास गेल्याशिवाय सोडत नाहीत.

इटलीतल्या 68,276 बायोप्सींचा आढावा 1986 साली प्रसिद्ध झाला होता. ज्यांना गुंतागुंत झाली त्यांच्यापैकी सुमारे 60 टक्क्यांना ती पहिल्या दोन तासांत झाली, आणि 96 टक्क्यांना पहिल्या चोवीस तासांत. इस्पितळाच्या दृष्टीने हे आकडे दिलासा देणारे आहेत. कामगाराच्या दृष्टीने उरलेले चार टक्के महत्त्वाचे, कारण त्यांना त्रास सुरू होतो तेव्हा ते खाटेवर नसतात. ते लोकलमध्ये असतात, मशीनवर असतात, गोदामात असतात. उशिराचा रक्तस्राव पंधरा दिवसांपर्यंतही झाल्याची नोंद आहे. इस्पितळात ठेवावं किंवा रक्त द्यावं लागेल इतका रक्तस्राव साधारण पाचशेत एखाद्याला होतो, आणि जिवावर बेतणारा त्याहून खूपच विरळा. वजन उचलण्याचा प्रश्न येतो तो घरी सोडल्यानंतर. घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर ‘आठवडाभर जड उचलू नका’ असं छापलेलं असतं. ते वाक्य कामाच्या ठिकाणी पोहोचतच नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

माझ्या परिचयातला एक तरुण भिवंडीतल्या गोदामात पिकर आहे. रॅकवरून खोकी काढायची, ट्रॉलीत रचायची, पॅकिंगच्या टेबलापर्यंत न्यायची, आणि गाडी लागली की उतरवायलाही हात लावायचा. कित्येक महिने त्याच्या रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली होती. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली आहे का, याचा उलगडा बायोप्सीशिवाय होईना. आता फायब्रोस्कॅनसारख्या सुई न टोचता होणाऱ्या तपासण्या आहेत आणि त्यांच्यामुळे पुष्कळ लोकांची बायोप्सी टळते, पण त्या यकृत किती कडक झालंय ते सांगतात. ते का बिघडलं हे सांगायला अजून कित्येकदा तुकडाच लागतो.

बायोप्सी नीट पार पडली. दोन दिवसांनी तो कामावर हजर झाला. सुपरवायझर म्हणाला, “टेस्टच होती ना?” आणि तो खोकी उचलायला लागला. आठवडा संपता संपता त्याचा उजवा खांदा दुखायला लागला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या खांद्याने भल्याभल्यांना फसवलंय. दुखावलेलं असतं यकृताचं आवरण किंवा त्याच्या वरचं श्वासपटल. पण श्वासपटलाचा मज्जातंतू मानेतून निघतो, आणि खांद्याच्या त्वचेची जाणीवही मानेच्या त्याच भागात पोहोचते. त्यामुळे दुखणं पोटाचं आणि कळ खांद्यात, असं होतं. बायोप्सीच्या दिवशी असा खांदा दुखणं अगदी नेहमीचं आहे आणि बहुतेकदा ते आपोआप थांबतं. मात्र थांबलेलं दुखणं काही दिवसांनी परत उठलं किंवा वाढत गेलं, तर तो निरोप वेगळा असतो. खोकी उचलणाऱ्या माणसाचा खांदा दुखला तर कोणाला काय वाटणार? लचक भरली असेल. सोबत्यांना तेच वाटलं, त्यालाही तेच वाटलं. गल्लीतल्या डॉक्टरांना त्याने बायोप्सीचं सांगितलंच नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मिळालं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन ही औषधं रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचं काम मंदावतात. यकृतावर ताजी जखम असताना ती घ्यायची नसतात. दुखलं तर काय आणि किती घ्यायचं, हे बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारायचं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेरी आली, पोट दुखून कडक झालं. सोनोग्राफीत यकृताच्या आवरणाखाली रक्त साचलेलं दिसलं. त्याचं नशीब चांगलं. निजवून ठेवून, हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा तपासून भागलं, रक्तस्राव आपोआप थांबला. काहींच्या बाबतीत तो थांबत नाही. मग मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून रक्त वाहणारी धमनी आतून बंद करावी लागते. जड उचलल्यामुळेच त्याला रक्तस्राव झाला असं मी म्हणणार नाही, त्याचे डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण जे करू नको म्हणून लेखी सांगितलं होतं तेच तो दिवसभर करत होता, आणि ते थांबवायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

ज्यांच्या घरी कोणाची बायोप्सी झाली आहे त्यांनी पुढचे पंधरा दिवस या खुणांवर लक्ष ठेवावं. चक्कर, घाम, धडधड, वाढत जाणारी पोटदुखी किंवा खांदेदुखी, ताप, धाप. आणि एक खूण सहज निसटते: शौचाला डांबरासारखं काळं होणं, सोबत डोळे पिवळे दिसणं आणि पोटात कळा येणं. रक्त पित्तनलिकेत उतरत असलं तर असं होतं, आणि ते बहुधा काही दिवस उलटल्यावर दिसतं. घरातल्यांना वाटतं कावीळ झाली, आणि गावाहून काविळीचं झाडपाल्याचं औषध मागवलं जातं. कृपा करून तसं करू नका. करोनाच्या काळात गुळवेल घेतलेल्या, यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली होती. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत यकृताच्या रुग्णाला परवडत नाही.

इस्पितळातून आल्यावर महिनाभर त्या तरुणाने जे सोसलं त्याला दुखणं म्हणता येत नाही, पण ते दुखण्याहून कमी नव्हतं. शिंक आली की तो बरगडी धरायचा. उजव्या कुशीवर वळायचा नाही. बादली उचलायला बायको पुढे व्हायची आणि त्याला अपमान वाटायचा. एकदा आपल्याच शरीराने आतल्या आत दगा दिल्यावर माणूस प्रत्येक कळेला कान लावून बसतो. साचलेलं रक्त शोषलं जायला काही आठवडे, कधी महिने लागतात, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या सोनोग्राफीत गाठ आकसलेली दिसली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. बायोप्सी करणाऱ्या प्रत्येक विभागाने रुग्णाला रात्रीबेरात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा आणि बरं होण्याचं वेळापत्रक समजावून सांगावं. त्याला खर्च काहीच नाही, आणि धीर फार मोठा मिळतो.

त्यातून ‘लिव्हर’ म्हटलं की आपल्याकडे लगेच दारू आठवते. या मुलाने आयुष्यात दारू चाखलेली नाही, तरी गोदामात कुजबूज झालीच. म्हणून त्याने रजेच्या अर्जावर ‘पोटाची तपासणी’ एवढंच लिहिलं होतं. खरं कारण लपवणाऱ्या माणसाला खरी सवलत मागता येत नाही. आणि समजा तो पीत असता, तरी त्याच्या जखमेला विश्रांती कमी लागली असती का?

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा 2017चा. हा कायदा ज्या आस्थापनांना पूर्ण लागू होतो तिथे वर्षाला आठ नैमित्तिक रजा आणि 240 दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा, असं त्यात आहे. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. नैमित्तिक रजा सणावाराला, मुलाच्या शाळेला संपतात. साठवलेली रजा उरावी तर ठेकेदार बदलतो, आणि नव्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर 240 दिवस पहिल्यापासून मोजले जातात. या मुलाचं तेच झालं. जवळजवळ सगळं आजारपण बिनपगारी गेलं.

कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, असती तर? ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता सरासरी रोजंदारीच्या 70 टक्के मिळतो, वर्षात 91 दिवसांपर्यंत, पहिले दोन दिवस सोडून. ही फार मोलाची योजना आहे आणि तिच्याबद्दल मी याच स्तंभात कृतज्ञतेने लिहीत आले आहे. पण तिच्यासाठी पगाराची मर्यादा आहे. 2017 साली ती 15 हजारांवरून 21 हजार केली. या मुलाला 24 हजार मिळतात, म्हणजे तो बाहेर. कंपनीचा मेडिक्लेम होता, त्याने रक्तस्रावाचं बिल भरलं, बायोप्सीचं नाकारलं. केवळ निदानासाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही, हे कलम आरोग्य विम्याच्या पॉलिसीत ठरलेलं असतं. बुडालेल्या पगाराचा तर मेडिक्लेमशी काही संबंधच नसतो. एकवीस हजारांच्या जरा वर असलेला हा सगळा वर्ग दोन्हीकडून उघडा पडलाय.

आणि ज्याला ईएसआय आहे त्याचीही एक अडचण उरते. भत्ता मिळतो तो कामावर न गेलेल्या दिवसांचा. सर्टिफिकेटवर दोनच गोष्टी लिहिता येतात: काम करायला असमर्थ, किंवा कामावर रुजू होण्यास योग्य. या मुलाच्या डॉक्टरांनी शेवटी ‘फिट टू रिझ्युम ड्यूटी’ लिहिलं, कारण एचआरला तेवढेच शब्द चालतात. पहिल्याच दिवशी त्याला कंटेनर रिकामा करायला लावलं. कागद बघितला तर सुपरवायझरची चूक काढता येत नाही.

ब्रिटनमध्येही पूर्वी असंच होतं. एप्रिल 2010मध्ये तिथे सर्टिफिकेट बदललं. ‘काही अटींवर काम करू शकेल’ असा तिसरा पर्याय आला. टप्प्याटप्प्याने परत येणं, तास बदलणं, कामाचं स्वरूप बदलणं आणि कामाच्या जागी सोय करणं, असे चार चौकोन डॉक्टरांसमोर असतात. मालकाला ते जमत नसेल तर कामगार त्या काळापुरता असमर्थच धरला जातो आणि त्याचा आजारपणाचा पगार चालू राहतो. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण सोय न होण्याचा भुर्दंड रुग्णाच्या डोक्यावर पडत नाही.

आपल्याकडे हलकं काम आणायचं कुठून, असं गोदामवाले विचारतात. बारकोड स्कॅन करणं, लेबल लावणं, साठा मोजणं, डिस्पॅचचे कागद जुळवणं, ही कामं रोज कोणीतरी करतंच की. खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मान्य केला पाहिजे: एकाने उचलायचं नाही म्हटलं की त्याची खोकी बाकीच्यांवर पडतात. सोबती चार दिवस हसून करतात, पाचव्या दिवशी टोमणे सुरू होतात. त्यावर उपाय बदली हात देणं हाच आहे, सहानुभूतीने भागत नाही. चार माणसांच्या दुकानात तर हलकं काम नसतंच. तिथे पगारी रजाच लागेल, आणि तिचा भार एकट्या दुकानदारावर टाकून चालणार नाही. म्हणून अर्ध्या दिवसाच्या कामाला अर्धा भत्ता, अशी तरतूद ईएसआयमध्ये यावी, पगाराची मर्यादा वाढावी, आणि राज्याच्या कायद्यात आजारपणाची वेगळी रजा यावी, असं माझं मागणं आहे.

हे होईल तेव्हा होईल. डॉक्टरांना मात्र उद्यापासून एक करता येईल. ‘फिट’च्या पुढे अजून एक ओळ लिहावी: अमुक तारखेपर्यंत पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, चक्कर आल्यास किंवा पोटात दुखल्यास ताबडतोब इस्पितळात पाठवावं. रोगाचं नाव लिहायची गरज नाही. किलो आणि तारीख लिहिली की सुपरवायझरला वाद घालता येत नाही, आणि कामगाराला गयावया करावी लागत नाही.

तो मुलगा सध्या स्कॅनिंगच्या टेबलावर आहे. शिफ्टच्या इनचार्जने स्वतःहून त्याला तिथे बसवलं, भल्या मनाने. हजेरीपटावर तो अजून पिकरच आहे. इनचार्जची बदली झाली तर ही सोय कोणत्या कागदाच्या आधारे टिकणार, असं मी त्या कंपनीला लेखी विचारलं आहे. उत्तर आलं की याच जागी छापीन.