मोरी बांधण्याचा गुन्हा

मुंबईच्या लघुवाद न्यायालयात घरमालकांकडून ताब्यासाठी जे दावे गुदरले जातात, त्यांत एक कारण पिढ्यान्‌पिढ्या आढळते : भाडेकरूने मालकाच्या लेखी संमतीवाचून जागेत कायम स्वरूपाचे बांधकाम केले. हे शब्द मोठे भारदस्त आहेत. ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चढवलेला मजला किंवा बळकावलेले अंगण उभे राहते. कागद उलगडल्यावर मात्र पुष्कळदा निघते ते एवढेच, की दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्याला विटांची एक मोरी काढली आहे, डोक्यावर माळा घातला आहे, किंवा उखडलेल्या कोब्यावर फरशी बसवली आहे. या अपराधाची शिक्षा दंड नाही, भाडेवाढ नाही, बांधकाम काढून टाकण्याचा हुकूमही नाही. शिक्षा बेघर होण्याची आहे.

या शिक्षेचा उगम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. पट्ट्याने जागा घेणाऱ्याने मालकाच्या संमतीशिवाय कायमचे बांधकाम करू नये, असे त्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये सांगितले आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठे संरक्षण दिले, पण ही अट उचलून ताबा मागण्याच्या कारणांत जशीच्या तशी ठेवली. आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ मध्ये ती आजही आहे. परकीय सत्तेच्या काळात जमीनजुमल्याच्या मालकासाठी घडवलेली ही पाचर स्वराज्यातील भाडेकरूच्या दारात तशीच ठोकलेली राहिली.

मालकाच्या हिताचे रक्षण नको काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. हवे; पण कायद्यानेच मालकावर टाकलेल्या कर्तव्याचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे. जागा राहण्याजोगी ठेवणे, तिची दुरुस्ती करणे हे मालकाचे काम आहे, असे १९९९ चा कायदा कलम १४ मध्ये स्पष्ट सांगतो. मालकाने ते न केल्यास भाडेकरूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी, तरीही काम न झाल्यास ते स्वतः करावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोयही तेथे आहे. सोय वाचायला सुंदर आहे. तिच्या शेपटीला एक मर्यादा बांधली आहे : एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. महिना शंभर रुपये भाडे देणाऱ्या कुटुंबाला वर्षाकाठी तीनशे रुपये वळते करता येतील. तीनशे रुपयांत आज सिमेंटची एक गोणी येणे कठीण. गवंड्याची मजुरी तर दूरच. म्हणजे मालकाने कर्तव्य टाळले तर त्याची जबाबदारी तीनशे रुपयांची, आणि भाडेकरूने स्वतःच्या पदरचे पन्नास हजार घालून तेच कर्तव्य थोडे पुढे जाऊन बजावले तर त्याची जबाबदारी संपूर्ण घराची. हा तराजू कोणत्या बाजाराचा आहे?

विषमता एवढ्यावर संपत नाही. मालकाने भाडेकरूंच्या संमतीने इमारतीत सुधारणा केली, तर त्या खर्चाच्या प्रमाणात भाडे वाढविण्याचा हक्क हाच कायदा त्याला देतो. सुधारणा तीच, विटा त्याच. मालकाने केली तर ती गुंतवणूक ठरते आणि तिच्यावर परतावा मिळतो. भाडेकरूने केली तर ती आगळीक ठरते.

कायदेमंडळाला या अन्यायाची जाणीव मुळीच झाली नाही, असे म्हणणे खरे होणार नाही. कायमचे बांधकाम कशाला म्हणू नये, याचे एक स्पष्टीकरण कायद्यात पुढे घालण्यात आले. जेथे आवश्यक असेल तेथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेले लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा, दार, जाळी, हवेसाठी आवश्यक खिडकी, खोटे छत, एअरकंडिशनर, हवा बाहेर टाकण्याचा झरोका आणि धुराडे, इतक्या गोष्टी त्या स्पष्टीकरणाने मोकळ्या केल्या. ओट्याचा उल्लेख ही मोलाची गोष्ट आहे. ज्या स्त्रियांचा जन्म जमिनीवर उकिडवे बसून स्टोव्हपुढे गेला, त्यांच्या पाठीचे दुखणे विधानभवनापर्यंत कधी तरी पोहोचले, याची ती नोंद होय.

पण यादी पुन्हा एकदा वाचावी. तीत एअरकंडिशनर आहे, खोटे छत आहे. मोरी नाही, शौचकूप नाही, माळा नाही. गिरणगावातील, गिरगावातील, काळबादेवीतील चाळीत राहणाऱ्या माणसाला या यादीतील कोणत्या वस्तूची निकड अधिक होती? ज्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आहेत, तेथे गुडघे गेलेल्या म्हातारीने रात्री दोन वाजता अंधाऱ्या गॅलरीतून जावे, आजारी माणसाला चौघांनी उचलून न्यावे, वयात आलेल्या मुलीने आडोशाला पातळ धरून स्नान करावे, हे सारे कायद्याला मान्य आहे. तिच्यासाठी तीन बाजूंनी विटा लावल्या की मात्र कायद्याचे डोळे उघडतात. थंड हवेची सोय ज्याला परवडते त्याची यादीत सोय झाली. देहधर्माची सोय तेवढी मालकाच्या मर्जीवर राहिली.

न्यायालयांनी या कठोरपणाला काही प्रमाणात बांध घातला, हेही नमूद केले पाहिजे. बांधकाम जमिनीत कितपत रुतले आहे, काढताना मूळ इमारतीस इजा होईल काय, ते करण्यामागचा हेतू काय, हे सर्व पाहूनच ते कायमचे की तात्पुरते हे ठरवावे, अशी कसोटी सर्वोच्च न्यायालयाने सांगितली आहे. उत्तर प्रदेशातील छावणी भागातून आलेल्या एका दाव्यात १९८७ साली त्याच न्यायालयाने, पाया न खोदता बांधलेल्या आणि छताला न भिडणाऱ्या सहा फुटी आडभिंतीमुळे जागेत मोठा फेरफार झाला असे मानण्यास नकार दिला. पण सर्वोच्च न्यायालयाची कसोटी चाळीतल्या माणसाच्या उपयोगी पडते ती केव्हा? लघुवाद न्यायालय, तेथील अपील, उच्च न्यायालय, अशा पायऱ्या चढल्यानंतर. दरम्यान कोर्ट कमिशनर टेप घेऊन घरात येतो, मोरीची लांबीरुंदी मोजतो, विटांचा सांधा तपासतो. वीस वर्षे चाललेला दावा जिंकणाऱ्या भाडेकरूचाही निम्मा जन्म तारखांना गेलेला असतो, आणि बहुतेक मालकांचा हिशेब नेमका त्यावरच असतो. दावा जिंकावा लागत नाही. प्रलंबित असला की पुरे.

यावर मालकांचा पक्ष असा, की १९४० च्या सप्टेंबरातील पातळीवर गोठवलेल्या भाड्यात इमारत सांभाळणे अशक्य होते. या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्रमाणभूत भाडे असे कायमचे गोठवणे अवाजवी झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७ साली म्हटले. दुरुस्तीचा भार सरकारने १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळाकडे नेला, आणि पुढे म्हाडाकडे. त्या उपकराचा मोठा वाटा भाडेकरूच भरत आले. पण भाडे कमी होते म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही, हे एकदा मान्य केले की दुसरेही मान्य करावे लागते : ती इमारत इतकी वर्षे उभी राहिली ती भाडेकरूंच्या पैशावर. त्यांनी पत्रे बदलले, पन्हळी लावल्या, सडलेल्या तुळयांना टेकू दिले, भिंतींना गिलावा केला. ज्या हातांनी मालकाची मालमत्ता जगवली त्याच हातांवर तिची नासाडी केल्याचा आरोप ठेवायचा, हे कोणत्या नीतीत बसते?

पागडीच्या व्यवहाराने तर या आरोपाची उरलीसुरली लाजही काढून घेतली आहे. एके काळी गुन्हा असलेल्या या व्यवहाराला १९९९ च्या कायद्याने मान्यता दिली. भाडेकरू जागा दुसऱ्याच्या नावे करतो तेव्हा मालक आपला हिस्सा मोजून घेतो. जागेत मोरी आहे, शौचकूप आहे, फरशी नवी आहे, म्हणून किंमत वाढलेली असते. त्या वाढलेल्या किमतीतला हिस्सा घेताना कोणत्याही मालकाने, ही मोरी माझ्या संमतीशिवाय बांधलेली आहे, सबब तिचे पैसे मला नकोत, असे म्हटल्याचे ऐकिवात नाही. दाव्याच्या दिवशी जो अपराध असतो तो पागडीच्या दिवशी मिळकत होतो.

या प्रश्नाची एक बाजू मात्र भाडेकरूंच्या चळवळीने टाळता कामा नये. २७ सप्टेंबर २०१३ रोजी माझगाव भागातील महापालिकेच्या मालकीची बाबू गेनू मंडई ही इमारत कोसळली आणि ६१ माणसे मेली. वर महापालिकेच्या कामगारांची कुटुंबे राहत होती. तळमजल्यावरील गोदाम भाड्याने दिलेले होते, आणि त्या गोदामात विनापरवाना फेरफार केल्याचा आरोप पुढे झाला. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला १७ माणसे मेली. तेथे तळमजल्यावर तोडफोड केल्याचा आरोप होता तो भाडेकरूवर नव्हे, जागेच्या मालकावर. खांब व तुळई यांना हात लावणारा माणूस वरच्या सर्व मजल्यांच्या जिवाशी खेळतो, मग तो मालक असो की भाडेकरू. पण लेखी संमतीची अट या संकटाला आवर घालत नाही. मालकाच्या संमतिपत्राने खांबाला बळ येत नाही, आणि संमती नसल्याने मोरीची वीट धोकादायक होत नाही. धोका कशात आहे ते स्थापत्य अभियंता सांगू शकतो, मालक नव्हे. कायद्याने मात्र सुरक्षेचा प्रश्न मालकीच्या प्रश्नाखाली पुरून टाकला आहे. त्यामुळे परवानगी मागितली की नकार आणि वर नोटीस येईल, या धास्तीने भाडेकरू रातोरात, दार लावून, मिळेल त्या गवंड्याकडून काम उरकतो. चोरून झालेल्या कामाला अभियंत्याची नजर मिळत नाही. खालच्या मजल्यावर पाणी झिरपते, लोखंड गंजते, आणि मग ओरड होते ती भाडेकरूंच्या बेजबाबदारपणाची.

शेतीच्या बाबतीत हाच प्रश्न आला तेव्हा महाराष्ट्र एवढा हतबल नव्हता. कुळाने विहीर खणली, बांध घातला, जमीन सपाट केली, तर तो श्रम जमिनीत मुरला आहे, हे तत्त्व कूळकायद्याने मानले. सुधारणेच्या भरपाईची तरतूद १९४८ च्या कायद्यात होती, आणि १ एप्रिल १९५७ रोजी तर कसणाराच मालक मानला गेला. १८८२ चा तो मालकधार्जिणा कायदासुद्धा शेतीच्या कामासाठी केलेले बांधकाम बंदीतून वगळतो. शहरात घाम मुरत नाही काय? गिरणीतील तिसऱ्या पाळीच्या पगारातून पै पै साठवून बांधलेल्या मोरीत जो श्रम गेला तो विहिरीतील श्रमापेक्षा हलका कसा?

नव्या पिढीचा भाडेकरू तर आणखी उघड्यावर आहे. त्याला भाडेकरू म्हणण्याचीही कायद्याची तयारी नाही. तो अकरा महिन्यांचा परवानाधारक. भिंतीत खिळा ठोकला म्हणून त्याच्या अनामतीतून रंगाचे पैसे कापले जातात; दरसाल बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा हा माणूस मोरी बांधण्याचे स्वप्नही पाहत नाही. २०२१ साली केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यातही लेखी संमतीवाचूनचा फेरफार हे घर खाली करण्याचे कारण म्हणून कायम आहे.

मागणी अवास्तव नाही. भाडेकरूने लेखी अर्ज करावा, सोबत अभियंत्याचा दाखला जोडावा. मालकाने तीस दिवसांत सकारण उत्तर न दिल्यास संमती मिळाली असे धरावे. ब्रिटनमध्ये नगरपालिकांच्या भाडेकरूंसाठी १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने, संमती विनाकारण नाकारता येणार नाही आणि तशी नाकारल्यास ती दिलीच असे मानावे, अशी तरतूद केली; आणि तो कायदा कोणा समाजवाद्यांनी नव्हे, थॅचरबाईंच्या सरकारने केला होता! खांबाला वा तुळईला हात लावणाऱ्यास, मालकासह, कडक शिक्षा असावी. घर सोडावे लागणाऱ्यास त्याने केलेल्या सुधारणेची भरपाई मिळावी. आणि कोणतीही मोरी हे ताब्याचे कारण होऊ नये.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींच्या २०७ इमारतींत शतकभर हीच कहाणी घडली. तेथे मालक सरकार होते, खोल्या १६० चौरस फुटांच्या, संडास सामाईक. आणि माणसांनी कोणाला न विचारता आत माळे घातले, मोऱ्या काढल्या. त्याच ठिकाणी पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे द्यावयाची सरकारने ठरविले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीला पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्या. त्या प्रत्येक घरात न्हाणीघर आहे, शौचकूप आहे. सरकारने आपल्या भाडेकरूंना जे दिले, त्याच्या पासंगालाही न पुरेल एवढी सोय उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरू स्वतःच्या खर्चाने करू पाहतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. कलम १६ च्या स्पष्टीकरणात ओट्याच्या शेजारी मोरी, शौचकूप आणि माळा हे शब्द घालणारे एक पानी दुरुस्ती विधेयक पुढच्या अधिवेशनात मांडता येईल.