मानेचे दुखणे, हातापायांत खुणा

चेन्नईचे एग्मोर रेल्वे स्थानक १९०८ साली सुरू झाले. तेव्हापासून तेथील हमालांनी डोक्यावरून किती पेट्या वाहिल्या असतील, याची मोजदाद नाही. नुसत्या डोक्याचेच वजन सुमारे पाच किलो असते. ते मानेच्या सात मणक्यांवर तोललेले असते; त्यावर पेटी ठेवली की भार कितीतरी वाढतो. डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांच्या मानेचे मणके लवकर झिजतात, ते यामुळेच.

ओझे न वाहणारेही यातून सुटत नाहीत. वयाबरोबर मणक्यांमधील चकत्या सुकतात, हाडाच्या कडा वाढतात. शिवणयंत्रावर, संगणकावर किंवा मोबाइलवर तासन्‌तास मान घालून बसणाऱ्यांची मान आखडते. हे दुखणे बहुधा स्नायूंचे असते आणि शेक, हलका व्यायाम यांनी काही आठवड्यांत बरे होते.

खरी काळजी हातापायांतील खुणांची करायला हवी. मानेतून हाताकडे जाणारी नस दबली, तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ येते, मुंग्या येतात. मज्जारज्जूवर दाब आला, तर सदऱ्याची गुंडी लागत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातून कप निसटतो, चालताना तोल जातो. अशा वेळी अनेकदा मान दुखतही नसते, म्हणून माणूस ‘अशक्तपणा आहे’ किंवा ‘वय झाले’ म्हणून गप्प बसतो. ही खूण दिसताच डॉक्टरांकडे जावे. गरज वाटल्यास ते एमआरआय तपासणी सुचवतात.

पुढील लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये:

• हातापायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे.

• ताप, तीव्र डोकेदुखी आणि ताठरलेली मान.

• पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान दुखणे. अशा रुग्णाची मान हलवू नये.

• मान, जबडा किंवा डाव्या हातातील कळ, सोबत घाम आणि धाप. हा हृदयविकार असू शकतो.

केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेण्याची सवय सोडावी. झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. गळ्याचा पट्टाही सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने बांधू नये, त्याने स्नायू दुबळे होतात.

मज्जारज्जूवरचा दाब शस्त्रक्रियेने काढता येतो, पण गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तर उशीर आणखी महाग पडतो. म्हणून घरातील कुणाला गुंडी लावायला वेळ लागू लागला, तर त्याकडे घरच्यांनीच लक्ष द्यावे.