पहिल्या फेरीतले नवरदेव

वाचकहो, अमेरिकन फुटबॉलात ‘ड्राफ्ट’ नावाची एक रीत आहे. सर्वांत जास्त हरलेल्या संघाने कॉलेजांतल्या खेळाडूंमधून पहिली निवड करायची! १९३६ पासून चाललेला हा न्याय. आमचा भाचा संगणकावर अशीच एक लुटुपुटीची लीग खेळतो. संघ क्लीव्हलंड ब्राउन्स. आपल्या पहिल्या फेरीच्या निवडी तपासायला त्याने मराठीचा प्राध्यापक गाठला, हे धाडसच म्हणायचे!

स्वारीने तिन्ही मोसमांत क्वार्टरबॅकच घेतला. का, तर पडद्यावर त्याच्या नावापुढचे आकडे मोठे. हे म्हणजे फोटो पाहून मुलगा पसंत करण्यासारखे झाले.

खऱ्या ब्राउन्सनी तरी वेगळे काय केले? १९९९ साली टिम काउच, २०१२ साली अठ्ठावीस वर्षांचा ब्रँडन वीडन, २०१४ साली जॉनी मॅन्झिएल. सगळे पहिल्या फेरीतले नवरदेव! मॅन्झिएलचा संसार दोन मोसमांत आटोपला. काउचची मात्र मला कीव येते. नव्याने उभ्या केलेल्या संघात त्या पोराला जपणारी फळीच धड नव्हती; बिचारा मार खात राहिला.

उलट २००७ साली तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला जो थॉमस. काम काय, तर क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्यांना अडवणे. गडी सलग १०,३६३ चाली मैदानातून हलला नाही! तरी त्याच्या नशिबी प्लेऑफचा एकही सामना आला नाही, ही गोष्ट वेगळी.

मी भाच्याला कळवले, “यंदा थॉमससारखा कुणी बघ.” उत्तर आले, “मामा, त्याच्या हातात चेंडू कधी येतो?” निवड पाडव्याच्या रात्री आहे.