गुणपत्रिका आणि पोटदुखी

दोन वर्षांपूर्वीच्या जून महिन्यातील गोष्ट. भाताची रोपे टाकण्याची लगबग सुरू झाली की उत्रोली परिसरातील दवाखान्यांत गर्दी ओसरते. किरकोळ दुखणे माणसे अंगावर काढतात. अशाच एका दुपारी एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टर, दहा दिवस झालं, पोराच्या पोटात दुखतंय. धड जेवत न्हाई, रातच्याला झोपत न्हाई." मुलाचे आईवडील पुण्यात नोकरीला, मुलगा आजी-आजोबांपाशीच वाढलेला.

मी पोट तपासले. ताप नव्हता, पोट मऊ होते, दाबल्यावर कोठेही दुखत नव्हते. मग सहज विचारले, "दहावीचा निकाल कधी लागला?" आजींनी मान खाली घातली. "त्यालाच दहा दिवस झालं." गुण होते ४२ टक्के.

आजींचा चेहराही ओढलेला दिसला म्हणून त्यांचा रक्तदाब पाहिला. तो १७० वर १०० होता. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या आणि निकालाच्या धक्क्यात त्या आणायच्या राहून गेल्या होत्या. त्या दिवशी माझ्यापुढे एक नव्हे, दोन रुग्ण होते आणि दोघांचे दुखणे एकच होते.

आजींना बाहेर बसवून मुलाशी बोललो. मामेभावाबरोबर तो एकदा पुण्यात शिवाजीनगरचे अभियांत्रिकी महाविद्यालय पाहून आला होता. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था आता स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथेच शिकायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते आणि आजोबांनी ते पारावर सर्वांना सांगूनही टाकले होते. "आता तात्या माझ्याशी बोलत नाहीत," एवढेच तो म्हणाला. पोटदुखीचे निदान त्या एका वाक्यात झाले.

वाचकहो, या वयातील मुलांचे मन पुष्कळदा पोटातून किंवा डोक्यातून बोलते. ती वेदना खोटी नसते, ढोंग तर नसतेच. म्हणून प्रथम वेदनेवर विश्वास ठेवावा आणि मग तिचे मूळ शोधावे.

गुणपत्रिकेकडेही मी वैद्याच्या नजरेने पाहतो. तापमापकावर १०२ दिसले म्हणून कोणी रुग्णाला रागावत नाही. ताप कशाने आला याचा शोध घेतो. कमी गुणांचेही तसेच आहे. फळा नीट दिसतो का? ऐकू व्यवस्थित येते का? मुलगी असेल तर रक्तक्षय आहे का? लोहाची कमतरता असेल, तर एकाग्रता टिकत नाही आणि लवकर थकवा येतो. झोप पुरेशी होते का? किशोरवयात आठ ते दहा तासांची झोप लागते आणि वाचलेले मेंदूत पक्के होण्याचे काम बरेचसे झोपेतच चालते. मूल हुशार आहे, तोंडी उत्तरे देते, पण लिहिताना अक्षरे उलटसुलट होतात, वाचन अडखळते, असे असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र असेल, तर परीक्षा मंडळ वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती देते. पुष्कळ घरांना हे निकालानंतरच कळते. ते आधी कळावे.

या मुलाला चष्म्याची गरज निघाली. दीड-दोन वर्षे तो फळ्यावरचे गणित शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता.

दुसऱ्या दिवशी मी तात्यांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "डॉक्टर, आता काय उरलं? सगळी दारं बंद झाली." मी त्यांना जे सांगितले, तेच आज आपणा सर्वांपुढे मांडतो. दहावीचे गुण फक्त पुढचे दार ठरवतात, शेवटचे नव्हे.

ज्याला अभियंता व्हायचे आहे, त्याच्यासाठी बारावीला वळसा घालणारी वाट आहे. दहावीत ३५ टक्के असले, तरी तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेसाठी विद्यार्थी पात्र ठरतो. पदविकेत किमान ४५ टक्के, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के मिळाले, तर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. चांगल्या महाविद्यालयासाठी अर्थातच याहून पुष्कळ जास्त गुण लागतात, परंतु ते पदविकेचे असतात. दहावीचे ४२ टक्के तेथे आड येत नाहीत. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्यांनाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट असते.

बारावी करून जायचे असेल, तर राज्याची सीईटी आहे. बारावीच्या संबंधित विषयांत ठरलेली किमान टक्केवारी हवी. मात्र गुणवत्ता यादीतील क्रम सीईटीवर लागतो. वैद्यकीय शाखेतही खुल्या गटाला बारावीच्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के आवश्यक असतात, पण निवड 'नीट'च्या गुणांवर होते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांतील पदवीप्रवेशासाठीही सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. जो नापासच झाला, त्याच्यासाठी पुरवणी परीक्षा आहे. एक-दोन विषय राहिले असतील, तर अकरावीला सवलतीने प्रवेश मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयात तर पाच वर्षांत नऊ संधी घेत एकेक विषय सोडवता येतो.

आणखी एक वाट आपण विसरतो. भोरच्या महाविद्यालयातून बी.ए. किंवा बी.एस्सी. करून पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंडीतील विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी जाता येते. तेथे पदवी आणि प्रवेश परीक्षा पाहतात. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे दहावीत नापास झाले होते. पुढे त्यांनी पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. केले, अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेतले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१६ चा 'सैराट' तर घराघरांत पोहोचला. प्रत्येक नापास मुलगा मंजुळे होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विद्यापीठाचे दार त्यांच्यासाठी दहावीपाशी बंद झाले नव्हते, एवढे त्यातून घ्यावे.

या वाटा लांबच्या आहेत, हेही प्रामाणिकपणे सांगतो. वर्ष-दोन वर्षे अधिक जातात. कच्चे राहिलेले गणित पदविकेतही आडवे येतेच, म्हणून ते पहिल्या महिन्यापासून पक्के करावे लागते. आणि जवळची वाट दाखवतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. "पैसे भरा, हव्या त्या कॉलेजात जागा देतो," असे सांगणाऱ्याच्या हाती म्हातारपणाची पुंजी देऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो, ती नातवंडांकडून मोबाइलवर उघडून घ्यावी. शासनाच्या मध्यवर्ती प्रवेश प्रक्रियेतूनच प्रवेश घ्यावा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या सवलती त्याच मार्गाने मिळतात. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत वेळेवर जाणे, हे काम आजोबांच्या हातचे आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. निकालानंतरचे काही आठवडे नाजूक असतात. मूल अबोल झाले, जेवण-झोप तुटली, मित्र टाळू लागले, "मी नसतो तर बरे झाले असते" असे काही बोलले, तर ते मनावर घ्यावे. त्याला एकटे ठेवू नये. शेतावरची कीटकनाशके आणि आपली स्वतःची औषधे कुलपात ठेवावीत. जगणे नकोसे वाटते का, असे मुलाला प्रेमाने आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाचे ओझे हलके होते. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस क्रमांक विनामूल्य असून तो दिवसरात्र चालू असतो. शेजारच्या मुलीचे ९० टक्के त्या दिवसांत घरात उच्चारू नयेत.

काळजी घेणाऱ्यांनी स्वतःची औषधेही चुकवू नयेत. आजी-आजोबा खचले, तर मुलाला ते आपलेच अपराध वाटतात.

तात्या त्या दिवशी काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी नातवाला हाक मारून भाताच्या खाचरावर बरोबर नेले, असे आजींनी नंतर सांगितले. बांधावर बसून दोघांनी काय बोलणे केले, ते मला माहीत नाही. पोटदुखी मात्र आठवडाभरात थांबली. मी औषध म्हणून काहीही दिले नव्हते. आजींचा रक्तदाब गोळ्या पुन्हा सुरू केल्यावर महिनाभरात आटोक्यात आला.

तो मुलगा आता पदविकेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिवाजीनगरला जागा मिळेल की नाही, हे पुढच्या वर्षी कळेल. गेल्या महिन्यात आजींच्या गोळ्या न्यायला तोच आला होता. चष्मा पुसत म्हणाला, "डॉक्टर, तात्या पारावर आता काहीच सांगत नाहीत. म्हणतात, निकाल लागू दे, मग तूच सांग."