वाचनालयाचे कुलूप

परप्रांतीय मजुरांच्या बायकामुलांना अक्षरे शिकविणे हे मराठी वाचनालयाचे काम नव्हे, असे वडोदऱ्यातील आपलीच काही मंडळी म्हणतात. आम्हांस हे मान्य नाही. आपले पूर्वज येथे परप्रांतीय म्हणूनच आले ना? सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले, १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली. ती काय केवळ मराठी भाषकांसाठी? आई निरक्षर असली की मुलाचा धडा शाळेतच राहतो. म्हणून मायलेकरांना एकत्र शिकवायचे. मुलांची शाळा गुजराती, तेव्हा कक्कोही गुजरातीच. त्याने मराठी बुडत नाही. दुपारी वाचनालय बंदच असते, आणि आम्हां निवृत्तांपाशी वेळाला काय तोटा! किल्ली तेवढी कार्यवाहांनी द्यावी.