प्रत्येक गॅसला वास नसतो

सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज नैसर्गिक वायूपासून तयार होते. हा वायू मलेशिया आणि इंडोनेशियाहून नळ्यांतून येतो आणि २०१३पासून जुरॉंग बेटावरच्या टर्मिनलवर जहाजांनीही येतो. दिवा लावताना यातलं काही तुम्हाला आठवत नाही. आठवावं लागत नाही, हीच इथल्या व्यवस्थेची कमाई. आज मात्र मला या वायूच्या भावंडांबद्दल बोलायचं आहे. तुमचे आईवडील पेण, उरण, रोहा या भागात राहत असतील, तर हा विषय तुमच्या घरचाच आहे.

विहिरीतून निघणाऱ्या वायूत मुख्यतः मिथेन असतो. सोबत इथेन, प्रोपेन, ब्युटेन असतात. ते वेगळे काढले, दाबाखाली द्रवरूप केले की त्यांना एनजीएल म्हणतात. हा प्लॅस्टिकचा कच्चा माल. ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात वेगळं केलेलं इथेन-प्रोपेन नळीने नागोठण्याच्या कारखान्याला जाऊ लागलं, त्याला आता तीन दशकं उलटली. पुढे गुजरातमधल्या दहेजहूनही इथेनची नळी नागोठण्यापर्यंत आली.

मिथेन हवेपेक्षा हलका असतो, फुटला की वर जातो. १ एप्रिल २०२५ रोजी मलेशियात पुत्रा हाइट्सला नैसर्गिक वायूची नळी पेटली, तेव्हा ज्वाळांचा उंच खांब दुरून दिसत होता. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो आणि ब्युटेन दुप्पट. गळलेला द्रव लगेच उकळतो, त्याचा वायू शेकडो पटींनी पसरतो, हवेतली वाफ गोठवून पांढरं धुकं तयार करतो आणि पाण्यासारखा सखल जागा शोधत जातो. हवेत जेमतेम २ टक्के प्रोपेन झाला, की एक ठिणगी पुरते.

जून १९८९मध्ये रशियातल्या उफा शहराजवळ नेमकं हेच झालं. नळीतला दाब उतरलेला दिसला, तेव्हा गळती शोधण्याऐवजी पंपांचा जोर वाढवला गेला. वायू रेल्वेमार्गाच्या सखल भागात साचला, समोरासमोरून दोन प्रवासी गाड्या आल्या आणि ५७५ माणसं गेली. पुढच्याच वर्षी, ५ नोव्हेंबर १९९० रोजी, नागोठण्याच्या कारखान्यात इथेन-प्रोपेन गळून स्फोट झाला. त्यात ३०हून अधिक जीव गेले.

आता वासाचं. घरच्या सिलिंडरला वास येतो, कारण त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळलेलं असतं. कारखान्याला कच्चा माल म्हणून जाणाऱ्या इथेन-प्रोपेनमध्ये ते सहसा नसतं. म्हणजे ‘वास आला की कळेल’ हा आपला भरवसा इथे चालत नाही.

रोजचा त्रास स्फोटाइतका ठळक नसतो. हे वायू थोडे थोडे गळत राहिले, की उन्हात जमिनीलगत ओझोन तयार व्हायला हातभार लावतात, आणि तो दम्याच्या रुग्णांना बाधतो. नळी पुरतानाही नुकसान होतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मरिनर ईस्ट नळीसाठी जमिनीखालून ड्रिलिंग चालू असताना २०१७मध्ये लोकांच्या विहिरींचं पाणी गढूळ झालं. त्या बांधकामाबद्दलच्या फौजदारी आरोपांना कंपनीने २०२२मध्ये आव्हान दिलं नाही.

मग नळ्या नकोत का? तसं माझं म्हणणं नाही. घाटात टँकर उलटण्यापेक्षा नळी बरी. शिवाय आपल्यापैकी अनेकांची चूल याच उद्योगावर पेटते. माझं म्हणणं माहितीबद्दल आहे. १९६२च्या कायद्याने भारतात नळीखालच्या जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते, पण त्या पट्ट्यात घर बांधणं, विहीर खोदणं, झाड लावणं बंद होतं. या हक्काचा मोबदला जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. सिंगापूरने धोक्याचे कारखाने जुरॉंग बेटावर नेले, तिथे पासाशिवाय जाता येत नाही. २०१७पासून मोठ्या कारखान्यांना आपण सुरक्षित कसे आहोत हे सरकारपुढे स्वतः सिद्ध करावं लागतं. अर्थात हे अंतरही फुकट मिळालेलं नाही. त्या बेटांवरच्या मच्छीमार कुटुंबांना घरं सोडावी लागली. कोकणात तेवढी मोकळी जागा नाही, भातशेतीला लागूनच नळी जाते. जिथे अंतर ठेवता येत नाही, तिथे माहिती तरी द्यायलाच हवी. नळीत काय आहे, ती फुटली तर किती घरं कक्षेत येतात, गावाने कुठे जायचं, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावलेलं असावं. त्यासाठी फार खर्च येत नाही.

पुढच्या फोनवर घरी एवढं सांगा: शेताजवळ नळीचा खुणेचा खांब असेल तर त्यावरचा आपत्कालीन नंबर लिहून ठेवा. जमिनीलगत पांढरं धुकं दिसलं, फुसफुस ऐकू आली किंवा पाण्यात बुडबुडे दिसले, तर गाडी सुरू करू नका. धुक्यात शिरू नका. वारा जिकडून येतो त्या बाजूला, चढावर, पायी जा. फोन लांब गेल्यावरच करा. आणि पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी उठून विचारा, ‘आमच्या शेताखालून नेमकं काय वाहतं?’