संकल्प आणि समाधी यांच्या मधली पाच पावलं

अड्याळच्या बसथांब्यावर भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहणाऱ्या पोराच्या मोबाइलमधूनही हल्ली एक मधाळ आवाज ऐकू येतो. मन शांत करा, हृदय उघडं ठेवा, हवं ते मिळालंच आहे असं समजून डोळे मिटा. बाकीचं विश्व पाहून घेईल. या विद्येला 'मॅनिफेस्टेशन' म्हणतात.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. अस्वस्थ मन भलते निर्णय घेतं, कोतं मन माणसं तोडतं. दोन्ही सुधारली तर कामं होतात. इथवर कोण भांडेल? भांडण पुढच्या उडीशी आहे. इच्छेची लहर सृष्टीत जाते आणि फळ ओढून आणते, हे कुणी पाहिलं? हा माल 'आपल्या ऋषींचा' म्हणून खपवला जातो. प्रत्यक्षात त्याचं गोत्र एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतल्या 'न्यू थॉट' चळवळीत सापडतं, आणि २००६ च्या 'द सीक्रेट' या पुस्तकाने तो घरोघर पोचवला. परदेशी म्हणून तो वाईट ठरत नाही. खोटी जन्मपत्रिका लावू नये, एवढंच. त्यापेक्षा अड्याळच्या घोडायात्रेत मारुतीला नवस बोलणारी म्हातारी प्रामाणिक. देणं फेडायचं आहे हे तिला ठाऊक असतं, आणि सृष्टी आपल्या हुकुमात आहे असा तिचा दावा नसतो.

गाब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी इच्छा अशी फळते का, हे तपासून पाहिलं. नोकरीची गोड स्वप्नं रंगवण्यात रमलेल्या पदवीधरांना पुढे नोकरीची बोलावणी कमी आली. मनातल्या मनात पोचलेला माणूस चालायला कशाला लागेल? स्वप्नासोबत वाटेतला अडथळाही डोळ्यांपुढे आणला, तर मात्र प्रयत्नाला धार येते, असं त्यांना आढळलं.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला, तो पावसाने आणि मध्य प्रदेशातल्या धरणाच्या विसर्गाने. काठचे धान पाण्याखाली गेले. आता या सिद्धान्ताने पाहा : ज्याची धानाची बांधी बुडाली त्याच्या मनाच्या लहरी कमी पडल्या! बुडालेल्यालाच गुन्हेगार ठरवणारी विद्या उघड्या हृदयाची कशी?

मग संकल्पाला काहीच अर्थ नाही? आहे, आणि त्याचा दाखला आमच्याच भंडारा जिल्ह्यातून जातो. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. १९५४ मध्ये भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक ते लढले आणि हरले. त्यांची इच्छाशक्ती उणी होती, असं म्हणायची कुणाची छाती आहे? येवल्याचा शब्द फळाला आला १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपुरात, बौद्ध धम्माच्या दीक्षेने. मधली एकवीस वर्षं डोळे मिटून बसण्यात गेली नाहीत. ती वाचनात, वादात, संघटनेत, राज्यघटनेच्या कामात गेली. आणि त्या दिवशीही नुसती भावना पुरली नाही. बावीस प्रतिज्ञा लाखोंच्या साक्षीने मोठ्याने म्हटल्या गेल्या.

ज्या धम्माची ती दीक्षा, त्याच्या अष्टांगिक मार्गात संकल्प दुसरा आहे आणि समाधी आठवी. मध्ये वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती अशी पाच पावलं. मॅनिफेस्टेशनवाले दुसऱ्यावरून थेट आठव्यावर उडी मारतात आणि मधलं बोलणं, वागणं, पोट भरणं, कष्ट हे सगळं विश्वावर सोपवतात. शिवाय त्या सम्यक संकल्पात बंगला-गाडी नाही. हाव सोडणं, द्वेष सोडणं, इजा न करणं, एवढाच तो आहे. उघडं हृदय म्हणायचं तर याला म्हणा.

शांत मनाचा उपयोग मी नाकारत नाही, उलट त्याची फार गरज आहे. रोवणी झाल्यावर खेकडा बांधीच्या पाळीला भोक पाडतो आणि सकाळपर्यंत बांधी रिकामी होते. ज्याच्या डोक्यात दिवसभराचा गलका चालू असतो त्याला काही कळत नाही. गप्प बसलेल्याला अंधारात पाणी झिरपल्याचा आवाज येतो. मग त्याला उठावं लागतं, आणि चिखलाचा गोळा घेऊन पाळीवर जावं लागतं.